साक्षीआधीचा लसूण

बाई,

मला शिबिराचे फायदे लिहून द्यायचे आहेत. दोन पानांत, महिनाअखेरपर्यंत. वरच्या कार्यालयातून पत्र आलंय की ख्रिस्ती उन्हाळी शिबिरामुळे लहान मुलांना आणि तरुण मुलामुलींना नेमका काय लाभ होतो ते मुद्देसूद कळवावं, म्हणजे शिबिर पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवता येईल. ठरलेलं आहे, हे पत्राच्या सुरावरूनच कळतं. विचारायची रीत म्हणून विचारलंय. यंदा नावं आली आहेत नऊ. तुमच्या वेळी ताटं कमी पडायची आणि तुम्ही आम्हालाच पळसाची पानं आणायला पिटाळायच्या. चार दिवस झाले, मी कागद पुढे घेऊन बसते, वर 'फायदे' लिहिते, खाली रेघ मारते आणि उठून कपडे वाळत घालते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलायला सवड नव्हती असं नाही, पण गेली दोन वर्षं तोंड नव्हतं. आता त्या रेघेखाली काहीतरी लिहायचंच आहे, तर आधी तुम्हाला लिहिते.

मी पहिल्यांदा शिबिराला आले तेव्हा अकरा वर्षांची होते. मे महिन्यात मुलं मामाच्या गावाला जातात हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलेलं. आमच्याकडे डोंगरात उन्हाळा म्हणजे आईबाप गुजरातेतून ऊस तोडून परत आलेले, विहिरीने तळ गाठलेला, आणि घरातल्या मुलींनी दोन टेकड्या उतरून झऱ्यावरून पाणी आणायचं, उरलेल्या वेळात तेंदूची पानं तोडायची. सुट्टी शाळेला लागायची, आम्हाला नाही. त्यामुळे शिबिराच्या पहिल्या सकाळी मी सवयीने सगळ्यांच्या आधी उठले, हापशावर गेले आणि दिसेल ती बादली भरायला लागले. तुम्ही मागून आलात आणि माझ्या हातातली बादली काढून घेतलीत. "आठे तू पाहुनी शे," तुम्ही म्हणालात, "जाय, झोप जाईसन." मला तेव्हा अहिराणी धड कळत नव्हती. वाटलं, आपलं काही चुकलं, आणि मी रडले. दुपारी एका मोठ्या मुलीने आमच्या बोलीत अर्थ सांगितला, की बाई म्हणतात तू इथे पाहुणी आहेस, तेव्हा परत रडले. बाई, दहा दिवस मला कुणी पाणी आणायला सांगितलं नाही. हा फायदा मुद्देसूद कसा लिहायचा ते तुम्हीच सांगा.

तुमची प्रार्थना पुस्तकी मराठीत असायची आणि रागावणं अहिराणीत. देवाशी बोलताना 'हे प्रभो, आम्हांस' आणि आमेन झाल्याबरोबर "कोन शे रे तो खिदळी ऱ्हायना." देवाला अहिराणी येत नसावी असं आम्हा पोरींचं मत होतं. तुमचं माहेर सारंगखेड्याचं, यात्रेत घोडे बघत वाढलेल्या तुम्ही. नवं घोडं पहिल्या दिवशी कुणाला पाठीवर बसू देत नाही, त्याला नुसतं हाताने चोळत राहायचं असतं, असं तुम्ही सांगायच्या, आणि पोरांनाही तोच नियम लावायच्या. पहिले तीन दिवस काही म्हणजे काही शिकवायच्या नाहीत. खो-खो, लंगडी, ढोलकीवर गाणी, दुपारी लिंबाखाली आडवं व्हायचं. चौथ्या दिवशी वचनं पाठ करायला बसेपर्यंत पावरी, कोकणी, भिली आणि अहिराणी बोलणारी पोरं एकमेकांच्या भाषेत शिव्या द्यायला शिकलेली असायची, म्हणजे ओळख पक्की झालेली. एकदा तुम्ही मला विचारलंत, तुला काय आवडतं. घरी हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नव्हतं. मी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, एसटीची खिडकी. तुम्ही हसला नाहीत. परत जाताना कंडक्टरला सांगून मला खिडकीत बसवलंत, एवढंच.

आणि मग लसूण. मला ज्याच्याबद्दल लिहायचंय ते हे, बाकीचं मी उगाच लांबण लावतेय.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सकाळी उपासना झाली की साक्षी व्हायच्या. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, की आपण कुठे चुकलो, देवाने आपल्याला कसं सांभाळलं, पुढे काय करायचं ठरवलंय. त्या दिवशी आईबाप पोरांना न्यायला आलेले असायचे, चर्चच्या मंडळीची माणसं असायची, पाळक असायचे, सगळे मागे सतरंजीवर बसून ऐकायचे. पोरं त्या क्षणाची दहा दिवस वाट बघायची. पण त्याआधी दोन दिवस तुमची एक पद्धत होती. जेवणाला लसूण लागतो म्हणून तुम्ही एकेका मुलीला आणि मुलाला स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत बोलवायच्या. पुढ्यात सूप, सुपात लसणाचे गड्डे, तुम्ही पाटावर. एक वाटी सोलून होईपर्यंत त्या पोराने आपली साक्ष तुम्हाला सांगायची. "बोलानं ते बोल, पन हात थांबाडू नको," हा तुमचा नियम. मान खाली असली की माणूस खरं बोलतो, असं तुमचं म्हणणं असावं. तुम्ही कधी ते बोलून दाखवलं नाही. ऐकून झालं की तुम्ही सांगायच्या, एवढं सांग, तेवढं राहू दे. काहींना म्हणायच्या, तू यंदा ऐक, पुढच्या वर्षी बोल. आम्ही त्याला 'लसणाला जाणं' म्हणायचो. लसणाला जाऊन आलेल्या मुलीचे डोळे लाल असले तरी कुणी काही विचारायचं नाही. नाव लसणावर.

मी चौदा वर्षांची असताना माझी साक्ष तयार होती. त्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता, डोळे पांढरे करत होता. माझे वडील तेव्हा आमच्या गावच्या मंडळीत पंच होते, रविवारी पुढच्या ओळीत बसायचे. दवाखाना लांब, गाडी नाही. प्रार्थना झाल्या. आणि मग एका भल्या पहाटे वडील आम्हा दोघांना घेऊन गुपचूप बडव्याकडे, आमच्या डोंगरातल्या भगताकडे, गेले, त्याने मंत्र टाकला, डोंगरावरच्या देवाला कोंबडा दिला, आणि आम्ही तो प्रसाद खाल्ला. भाऊ वाचला. कशाने वाचला ते मला आजही माहीत नाही. पण मला झोप लागेनाशी झाली. मला वाटायचं, हे सांगून टाकलं की मी मोकळी होईन. लसूण सोलता सोलता मी तुम्हाला सगळं सांगितलं, बडव्याच्या घराच्या दारासकट. तुम्ही माझ्या हातातला चाकू काढून घेतलात आणि म्हणालात, "तुन्हं पाप तू सांग. बापनं सांगाले तुले कोनी सांगं?" मी म्हटलं, पण मी खरं तेच सांगतेय. तर तुम्ही म्हणालात, "तो बाप शे. पोरगं मरी ऱ्हायंतं, तवय तो काय करी? तू बोली दिशी, तुन्हं मन हलकं व्हई. पन मंडळीनी त्याले बाहेर काढं तं तुन्ही मायना मांगे कोन उभं ऱ्हाई?" आणि माझी वाटी बघून वर टोमणा, की तुझ्या वाटीत लसूण कमी आणि आसवं जास्त.

मला फार राग आला तुमचा. दहा दिवस खरं बोला, खरं बोला म्हणून घोकून घ्यायचं आणि खरं बोलायची वेळ आली की तोंडावर हात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले आणि सांगितलं, की मी आईशी खोटं बोलले होते, शेंगा खाल्ल्या आणि उंदराचं नाव सांगितलं. चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यानंतरची मुलगी ढसाढसा रडली, तिच्यासाठी सगळी सतरंजी उठून उभी राहिली. मी ते विसरले नाही. तुम्हाला वाटेल, मोठेपणी विसरली असेल. नाही. मी शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलं झाली, तरी कुणी तुमचं कौतुक केलं की माझ्या मनात ती शेंगांची साक्ष यायची. तुम्ही मला देवासमोर खोटं उभं केलंत, असं माझं म्हणणं होतं आणि ते मला सुखाचंही वाटत होतं. दुसऱ्याच्या चुकीवर बसून राहायला जागा बरी मिळते.

जुलैमध्ये तुम्ही आमच्या घरी आलात, हे मात्र मी सोयीने बाजूला ठेवलं होतं. मी शिबिरात विसरलेला कंगवा द्यायला आलात म्हणे. एका कंगव्यासाठी एसटीने तळोदा, तिथून जीप, आणि पुढे दोन तास चढ. तो कंगवा मी पिशवीत ठेवल्याचं मला पक्कं आठवत होतं. पुढे कळलं की दर वर्षी कुणाचा टॉवेल, कुणाची वाटी, कुणाची एक चप्पल तुमच्याकडे राहायची, आणि जून-जुलैमध्ये तुम्ही ती घरपोच करायच्या. लसणाला जे ऐकलं असेल त्याप्रमाणे घरं ठरायची. आमच्या घरी तुम्ही दोन दिवस राहिलात. वडिलांबरोबर शेताच्या बांधावर बसलात. काय बोललात ते मला कळलं नाही, पण वडिलांनी पुढच्या रविवारी स्वतःहून पुढची ओळ सोडली आणि वर्षभर मागे बसले. कुणी त्यांना काढलं नाही. वर्षाने परत पुढे बसले. आई त्यांच्याजवळच होती, भाऊ होता, मी शाळेत होते. ते जायच्या आधी, खूप उशिरा, मला म्हणाले, ती बाई माझ्याकडे आली तेव्हा मला वाटलं आता गावासमोर माझं नाक कापलं जाणार, आणि ती तर माझ्याबरोबर ज्वारी निंदायला बसली. हे ऐकूनही माझा राग पुरता गेला नाही. मी तशीच आहे, तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी भेटायला आले होते. तुमचा आवाज बसला होता. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "लसूनवर तूच बस." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं. तुमच्यानंतर दहाएक वर्षं शिबिर दोघातिघांनी कसंबसं चालवलं आणि मग माझ्याकडे आलं. स्वयंपाकाच्या बाईने पहिल्याच वर्षी विचारलं, लसणाला बोलवायचं ना पोरांना? मी म्हटलं, नाही. पोरांना जे बोलायचं ते मोकळेपणी बोलू दे, मध्ये चाळणी कशाला. मी बाजारातून सोललेला लसूण आणायला लागले. पोरं खरंच मोकळी बोलायला लागली, बाई. पाळक खूश, पाहुणे खूश, लोक डोळे पुसायचे. मला वाटायचं, बघा, हे असं पाहिजे होतं. तुमच्यापेक्षा माझं शिबिर धीट आहे असं मला वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी होती. नववीतून दहावीत गेलेली, आश्रमशाळेतली, पंधरा वर्षांची. तिसऱ्यांदा शिबिराला आली होती. पहिल्या वर्षी ही मुलगी तोंडावर ओढणी धरून बोलायची. तिसऱ्या वर्षी लहान पोरींना ती खो-खो शिकवत होती, वचनं पाठ करून घेत होती, रात्रीच्या पांघरुणांची भांडणं सोडवत होती. शिबिराने मुलात काय होतं ते बघायचं असेल तर वरच्या कार्यालयाने तिला बघायला हवं होतं. शेवटच्या दिवशी ती उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, माझ्या वडिलांनी माझी सगाई ठरवली आहे, येत्या पावसाळ्याच्या आधी लग्न आहे, मला ते लग्न करायचं नाही, मला दहावी करून नर्स व्हायचं आहे, माझ्या वडिलांचं मन देवाने बदलावं. टाळ्या वाजल्या. उभं राहून टाळ्या. मीही. मी फोनवर ते सगळं घेतलं होतं आणि तिथेच, तिच्या टाळ्या संपायच्या आत, मंडळीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, देवाची स्तुती असो. पाठवणारी दुसरी कुणी नाही, मीच.

तिचे वडील मागे बसले होते. पांढरा सदरा, मांडीवर तिची वळकटी. टाळ्या चालू असताना ते स्वतःच्या पायांकडे बघत होते. नंतर मी त्यांच्याकडे गेले, म्हटलं, दादा, पोरगी हुशार आहे, जेवून जा. ते म्हणाले, "घाई आहे, बाई." एवढंच, आणि अगदी आदराने. तिची वळकटी त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली. ती मागे वळून मला हात करत गेली, खुशीत. ते घरी पोचायच्या आधी माझा व्हिडिओ त्यांच्या गावात पोचला होता, आणि संध्याकाळपर्यंत मुलाच्या गावात. मुलाकडच्यांनी सगाई मोडली. पंच बसले. ज्याची पोरगी चारचौघांत, परक्या माणसांसमोर, बापाविरुद्ध बोलते आणि ते लोक फोनवर बघतात, त्या माणसाला गावात तोंड वर करायला जागा कुठे राहते. आठ दिवसांत वडिलांनी तिला गुजरातेतल्या एका माणसाकडे देऊन टाकली. पहिली बायको गेलेला, मजुरीच्या टोळ्यांबरोबर फिरणारा, तिच्यापेक्षा बराच मोठा. मांडव नाही, वाजंत्री नाही. मला कळल्यावर मी ग्रामसेवकाला फोन केला, तो बिचारा गेलाही. घरच्यांनी सांगितलं, पोरगी आत्याकडे गेली आहे. तक्रार लिहून घेतली. तो कागद कुठेतरी असेल.

सगळ्यात वाईट मला पुढच्या वर्षी तळोद्याच्या बाजारात कळलं. मोडलेल्या सगाईतल्या मुलाची आई भेटली. मुलगा बारावी झालेला, वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला. ती बाई भांडायला आली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. म्हणाली, आम्हाला कुठे घाई होती, घाई तिच्या बापालाच होती, पोरीच्या काळजीने. आधी कुणी एक शब्द येऊन टाकला असता तर आम्ही दोन वर्षं थांबलो असतो, शिकलेली सून कुणाला नको आहे. मी तिथे भाजीची पिशवी धरून उभी होते. बाई, तुम्हाला हे एका वाटी लसणात कळलं असतं. तुम्ही तिला म्हणाला असता, तू यंदा ऐक. तिचा टॉवेल ठेवून घेतला असता, जूनच्या आत वर चढला असता, तिच्या बापाबरोबर काही तरी निंदत बसला असता. ती आता बारावीत गेली असती. मला चौदाव्या वर्षी वाटलं होतं की तुम्ही खरं बोलणं झाकता. तुम्ही झाकत नव्हता, ते आधी स्वतःच्या पदरात घेत होता. मला नुसत्या टाळ्या हव्या होत्या, आधी माझ्यासाठी, आणि मग तिच्या साक्षीतून.

त्यानंतर डोंगरातून पोरं येईनाशी झाली. मुली तर नाहीतच. लोक भांडत नाहीत, नुसतं सांगतात, यंदा जमत नाही. काहीजण म्हणतात, तिथे पोरींना बापाविरुद्ध शिकवतात. एरवी आमच्यावर जे आरोप होतात त्यांना उत्तर देता येतं, याला काय देऊ? यंदाची नऊ नावं नंदुरबारातल्या नोकरदारांच्या मुलांची आहेत. ती फोन घेऊन येतात आणि मामाच्या गावालाही जातात.

ती मुलगी मला या जानेवारीत भेटली. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात ना, मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घातलेली आणि बायका रांगेने देठ खुडत बसलेल्या, तिथे मी शिबिरासाठी मिरची बघायला गेले होते. सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली. एकीने हाक मारली, "बाई." फडकं खाली केलं तेव्हा ओळखलं. सतरा वर्षांची आहे. तीन काठ्यांना बांधलेल्या झोळीत तिची मुलगी झोपली होती, चार महिन्यांची. ती उठली की हिला आधी हाताला तेल चोळावं लागतं, मग माती, मग पाणी, मग पोरीला घेता येतं, तोवर ती रडत राहते. आम्ही बोलत होतो तेव्हा छोटी एकदा उठली आणि मी तिला घेतलं, माझे हात स्वच्छ होते. मी मनात सगळी वाक्यं जुळवली होती, माझं चुकलं, मला माफ कर. पण हिने मला बोलूच दिलं नाही. तेल चोळता चोळता म्हणाली, "बाई, मी चांगली बोलली होती ना तेव्हा?" मी हो म्हटलं. "सगळे उभे राहिले होते," ती म्हणाली. "मी रोज आठवते ते." तिच्या मते ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं झालेलं आहे. ते तिच्याकडून काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. तिला ते लागतं.

आज सकाळी मी फायदे लिहून टाकले. मुलांना घरकामातून आणि मजुरीतून विश्रांती मिळते. वेगवेगळ्या बोली बोलणारी मुलं एकत्र जेवतात, एकत्र राहतात. पाठांतर सुधारतं. मोठ्या मुलांमध्ये जबाबदारी येते. देवावरचा विश्वास दृढ होतो. चारचौघांत निर्भयपणे बोलण्याचं धाडस येतं. सगळं खरं आहे, यातलं एकही खोटं नाही. खाली सही केली. शिबिर बंद होणारच आहे आणि खरं सांगू का, व्हावं असं मला वाटतं. तुमच्यासारखं कुणी चालवणारं नसेल तर ते नसलेलं बरं. नऊ पोरांना आंब्याच्या रसाची एक पंगत घालून घरी पाठवलं तरी पुरे. हे मी अहवालात लिहिलं नाही. हे पत्र ठेवायला जागा नाही, तुमची गायनाची वही माझ्याकडे आहे, तिच्यात सारून ठेवीन.

एक राहिलं. पथारीवरून निघताना त्या मुलीने माझा पदर धरला, मिरचीच्याच हाताने, आणि म्हणाली की वडील तिच्याशी फोनवर बोलत नाहीत, आईला बोलू देत नाहीत, तर तुम्ही वर जाल तेव्हा आईला तेवढं सांगा, मुलगी झाली आहे आणि दोघी बऱ्या आहोत. मी म्हटलं, या आठवड्यातच जाते. बाई, तिच्या वडिलांनी मला हाकललं तर मी सोसेन, पण ते मला बसायला घोंगडी टाकतील आणि पाणी देतील, तेच मला झेपणार नाही. जानेवारी गेला, आता एप्रिल संपत आला. तिच्या आईला नात झाल्याचं अजून माहीत नाही. मी गेलेली नाही.